रेषेपलीकडची माणसे : युगोस्लाव्हियाच्या घटक प्रजासत्ताकांतून

संघराज्य कशावर टिकते आणि कशामुळे मोडते, या प्रश्नाचे उत्तर राज्यशास्त्राचे ग्रंथ राज्यघटनेच्या कलमांत शोधतात. पण ज्या देशात ते प्रत्यक्ष मोडले त्या देशातून फिरताना हेच उत्तर बाजारात, स्वयंपाकघरात, कबरस्तानात आणि शाळेच्या फाटकापाशीही सापडते. युगोस्लाव्हिया हे दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल टिटो यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले साम्यवादी संघराज्य होते. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया-हर्झेगोव्हिना, माँटेनेग्रो, सर्बिया आणि मॅसिडोनिया ही त्याची सहा घटक प्रजासत्ताके, म्हणजे स्वतःची विधानसभा, स्वतःचे सरकार आणि स्वतःची राज्यघटना असलेले घटक होते, आणि सर्बियाच्या पोटात व्हॉयव्होडिना व कोसोव्हो हे दोन स्वायत्त प्रांत होते. आज ही सहाही प्रजासत्ताके स्वतंत्र देश आहेत. कोसोव्होनेही २००८ साली स्वातंत्र्य जाहीर केले, मात्र भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

भोपाळच्या शिवाजी नगरातून निघालेल्या मराठी प्रवाशाला या प्रदेशाचे कुतूहल वाटावे, याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ राज्य आणि जुन्या मध्य प्रदेशाचे हिंदी भाषक जिल्हे एकत्र करून नवा मध्य प्रदेश घडवण्यात आला, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. राजधानीबरोबर नागपूरच्या सचिवालयातले कर्मचारीही आले आणि त्यांत मराठी कुटुंबे होती. नव्या भोपाळात ज्या शासकीय वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतलीच एक शिवाजी नगर : बैठी आणि एकमजली क्वार्टर्स, पुढे अंगण आणि रस्त्यावर सावली धरणारी जुनी झाडे. काल ज्यांची भाषा राज्याच्या दोन मोठ्या भाषांपैकी एक होती ती माणसे एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाली. त्यांनी स्थलांतर केले ते नोकरीसाठी, पण रेषा सरकली ती त्यांना न विचारता. त्याच वर्षी जुलै महिन्यात नेहरू, टिटो आणि नासर एड्रियाटिक समुद्रातल्या ब्रियोनी बेटावर भेटले होते. भाषेच्या आणि वंशाच्या आधारे घटक आखणारी दोन संघराज्ये तेव्हा एकमेकांकडे मित्रभावाने पाहत होती, आणि त्यांतले एक पस्तीस वर्षांनी नकाशावरून नाहीसे झाले. रेषेच्या पलीकडे राहिलेल्या माणसाचे तिथे काय झाले, हा प्रश्न सोबत घेऊनच हा प्रवास करावा लागतो.

उत्तरेकडून आत शिरले की पहिले मोठे शहर ल्युब्लियाना. ल्युब्लियानित्सा नदीच्या काठावरील मुख्य चौकात राजाचा किंवा सेनापतीचा नव्हे, तर फ्रान्से प्रेशेरेन या कवीचा पुतळा आहे, आणि त्याचा मृत्युदिन, ८ फेब्रुवारी, हा देशभर सुटीचा दिवस असतो. चौकातून नदीपलीकडे जायला शेजारी शेजारी तीन पूल आहेत; मधला जुना आणि दोन्ही बाजूंचे योझे प्लेच्निक या वास्तुविशारदाने १९३०च्या सुमारास जोडलेले. नदीकाठची खांबांची लांब बाजारपेठही त्याचीच. तिथे खेड्यातून आलेल्या बायका मध, लाल पानांची कडवट भाजी आणि पिंपात आंबवलेली कोबी विकतात. भाव ठरलेला असतो, घासाघीस कोणी करत नाही, आवाज चढत नाही आणि रांग मोडत नाही. भोपाळच्या हाटात भाजीवाल्याशी चार शब्द भांडल्याशिवाय ज्याची खरेदी पुरी होत नाही, त्याला ही शांतता आधी शिष्टपणाची वाटते आणि मग तीत परस्परांविषयीचा आदर दिसू लागतो. संध्याकाळी नदीकाठच्या पायऱ्यांवर तरुण मुले पुस्तके घेऊन बसलेली असतात, आणि आपल्या छोट्या भाषेवर या लोकांनी किती जीव लावला आहे हे दुकानांच्या पाट्यांपासून नाटकांच्या जाहिरातींपर्यंत जाणवत राहते.

मात्र याच शांत, व्यवस्थित देशात रेषेपलीकडच्या माणसाची पहिली गोष्ट ऐकायला मिळते. संघराज्य एक असताना बॉस्निया, सर्बिया, मॅसिडोनिया येथून हजारो कामगार स्लोव्हेनियाच्या कारखान्यांत आणि खाणींत आले आणि तिथेच संसार थाटून राहिले. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर त्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा अर्ज नामंजूर झाला, अशा पंचवीस हजारांहून अधिक लोकांची नावे फेब्रुवारी १९९२ मध्ये कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून गुपचूप काढून टाकण्यात आली. तिथे त्यांना ‘पुसून टाकलेले’ म्हणतात. घर तेच, शेजार तोच, पण कागद नसल्यामुळे नोकरी, निवृत्तिवेतन आणि दवाखाना तिन्हींचे दार बंद झाले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ साली स्लोव्हेनियाविरुद्ध निकाल दिला आणि २०२२ साली देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी या लोकांची जाहीर क्षमा मागितली. नागपूरहून भोपाळला आलेल्या कारकुनाला असा कोणताही अर्ज कधी करावा लागला नाही, कारण भारतात राज्य बदलले तरी नागरिकत्व एकच राहते आणि देशात कुठेही वस्ती करण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल ल्युब्लियानात गेल्यावरच कळते.

क्रोएशियाची राजधानी झाग्रेब अधिक मोकळी आणि अधिक बोलकी आहे. डोलात्स नावाच्या उंचावरच्या बाजारात लाल छत्र्यांखाली गावाकडच्या म्हाताऱ्या ताजे चीज, अंजीर आणि अंडी घेऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला हाक मारून बोलावतात. श्ट्रुक्ली हा पातळ लाटलेल्या पिठात चीज भरून उकडलेला किंवा भाजलेला पदार्थ इथे दुपारच्या जेवणाची जागा घेतो. शनिवारी सकाळी सारे शहर चांगले कपडे घालून कॉफीच्या एकेका पेल्यावर दोन दोन तास बसते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना पाहणे व स्वतः दिसणे हाच त्या बैठकीचा हेतू असतो. मुख्य चौकातला बान येलाचिच या सेनानीचा अश्वारूढ पुतळा साम्यवादी राजवटीने १९४७ साली हलवला आणि १९९० साली तो परत आला. पूर्वी त्याची तलवार उत्तरेकडे रोखलेली होती, आता घोड्याचे तोंड दक्षिणेला आहे. चौकातले लोक त्याच्याखाली फक्त भेटीची वेळ ठरवतात, पण दक्षिणेच्या रस्त्याला लागले की बिनछपराची घरे दिसू लागतात. क्रोएशियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सर्ब लोकांनी १९९१ मध्ये शस्त्रे उचलून स्वतःचे वेगळे राज्य जाहीर केले आणि तिथल्या क्रोएट रहिवाशांना हुसकावले. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या सैन्याने तो मुलूख परत घेतला, तेव्हा दीड ते दोन लाख सर्ब ट्रॅक्टर आणि मोटारींत सामान भरून निघून गेले. अनेक अंगणांत आता प्लमची झाडे आहेत, फळेही धरतात, पण ती तोडणारे कोणी नाही.

बॉस्नियात शिरताच दऱ्या अरुंद होतात, चर्चच्या घंटेबरोबर मशिदीची बांग ऐकू येते आणि भोपाळच्या माणसाला प्रथमच ओळखीच्या हवेत आल्यासारखे वाटते. सारायेवोचा बाश्चार्शिया हा जुना बाजार गल्लीगल्लीत एकेका धंद्यासाठी वाटलेला आहे. तांबटांच्या गल्लीत हातोड्यांचा ठोका दिवसभर चालू असतो आणि भोपाळच्या चौकबाजाराप्रमाणे इथेही दुकानदार आधी बसायला सांगतो, मग काय हवे ते विचारतो. कॉफी हा येथला मुख्य विधी आहे. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात उकळलेली दाट कॉफी, कान नसलेली छोटी वाटी, साखरेचे खडे, एक लोकुम नावाची गुलाबी वडी आणि पाण्याचा पेला, असे सारे एका गोल तबकात येते. भांड्यात वर आलेला फेस चमच्याने आधी वाटीत घ्यायचा, मग कॉफी सावकाश ओतायची. साखरेचा खडा वाटीत विरघळवायचा नसतो, त्याचे टोक कॉफीत बुडवून तो दातांनी तोडायचा आणि त्यावर घोट घ्यायचा. पाहुण्याने घाई केली तर यजमान काही बोलत नाही, पण दुसऱ्यांदा ओतण्यापूर्वी थांबतो. जुन्या भोपाळात चिमूटभर मीठ घातलेला चहा देणाऱ्यांच्या वागण्यातही हीच सावकाशी आहे.

एका छोट्या टापूत मशीद, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथोलिक चर्च आणि सिनेगॉग असलेले हे शहर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमान होते आणि आठच वर्षांनी त्याला वेढा पडला. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ या काळात भोवतालच्या डोंगरांवरून तोफा आणि बंदुका शहरावर मारा करत होत्या. रस्त्यांवर तोफगोळ्यांनी पडलेल्या खळग्यांत लाल राळ भरून ठेवली आहे, तिला लोक ‘सारायेवोची गुलाबे’ म्हणतात आणि चालताना त्यांवर पाय पडू देत नाहीत. ऑगस्ट १९९२ मध्ये जळालेली राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत २०१४ साली पुन्हा उघडली. इमारत पूर्वीसारखी झाली, लाखो पुस्तके परत आली नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात पाठवलेल्या संरक्षक दलाचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आणि त्यांचे मुख्यालय आरंभी याच शहरात होते. सारायेवोच्या पूर्वेला स्रेब्रेनित्सा आहे. जुलै १९९५ मध्ये तिथे बॉस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलांची कत्तल केली. तिथल्या पांढऱ्या दगडांच्या रांगांपुढे उभे राहिल्यावर प्रवासवर्णनाची भाषा पुरत नाही.

नेरेत्वा नदीच्या हिरव्या पाण्यावरचा मोस्तारचा पूल १५६६ साली मिमार हैरुद्दीन या तुर्की स्थपतीने बांधला, नोव्हेंबर १९९३ मध्ये क्रोएट तोफांनी तो पाडला आणि जुलै २००४ मध्ये त्याच जातीचा दगड वापरून तो पुन्हा उभा राहिला. कमान एवढी उभी आहे की चढताना पाय घसरू नयेत म्हणून आडवे दगड बसवले आहेत, आणि माथ्यावरून तरुण मुले नदीत सूर मारतात. पुलाचे दोन्ही काठ जुळले. शाळा मात्र जुळल्या नाहीत. या भागात ‘एका छपराखाली दोन शाळा’ नावाची व्यवस्था आहे : इमारत एकच, पण क्रोएट आणि बॉस्नियाक, म्हणजे बॉस्नियन मुस्लिम, मुलांचे वर्ग वेगळे, अभ्यासक्रम वेगळा, काही ठिकाणी दरवाजा आणि वेळही वेगळी. दोन्हीकडची मुले घरी बोलतात ती भाषा मात्र एकमेकांना सहज समजते. मातृभाषेत शिकण्याचा हक्क आणि शेजाऱ्याच्या मुलापासून तोडले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मुलाला घर देते आणि दुसरी त्याच्याकडून गाव काढून घेते. बॉस्नियाच्या राज्यघटनेत तर राष्ट्राध्यक्षमंडळावर बॉस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांनाच स्थान आहे; ज्यू आणि रोमा नागरिकांना ते नाकारणे हा भेदभाव आहे, असे युरोपीय न्यायालयाने २००९ सालीच सांगितले आहे.

माँटेनेग्रोचे डोंगर समुद्रातून सरळ वर उठतात. कोतोरच्या खाडीवरून वळणावळणाने चढत गेले की न्येगुशी गावातले धुरावलेले मांस आणि चीज, आणि पुढे जुनी राजधानी चेतिन्ये. इथली माणसे उंच, सावकाश चालणारी आणि पाहुण्याला नाही म्हणणे कमीपणाचे मानणारी आहेत. हा देश २००६ साली सार्वमताने सर्बियापासून वेगळा झाला. ५५ टक्क्यांची अट होती आणि ५५.५ टक्के मते पडली, तरीही रक्त सांडले नाही. बार बंदरापासून बेलग्रेडला जाणारी रेल्वे १९७६ साली टिटोंच्या हस्ते सुरू झाली. अडीचशेहून अधिक बोगदे आणि चारशेहून अधिक पूल पार करत ती डोंगरांतून जाते, तेव्हा कोकण रेल्वेने प्रवास केलेल्या माणसाला अंधार आणि दरी यांची ती आलटापालट नवी वाटत नाही. ज्या दोन प्रजासत्ताकांना जोडण्यासाठी हा लोहमार्ग खोदला, ती आता दोन देश आहेत, आणि गाडी अजून चालू आहे.

बेलग्रेडमध्ये सावा नदी डॅन्यूबला मिळते. संगमावरच्या कालेमेग्दान किल्ल्यात निवृत्त माणसे दगडी बाकांवर बुद्धिबळ मांडतात आणि भोवती उभे असलेले प्रेक्षक न विचारता सल्ला देतात. येथले आतिथ्य मोठ्या आवाजाचे आहे; ताटात वाढलेले संपवल्याखेरीज सुटका नाही, आणि प्लमची दारू न घेणाऱ्याला कारण सांगावे लागते. नदीपलीकडच्या नव्या बेलग्रेडमध्ये काँक्रीटच्या भव्य वसाहतींतून गांधी आणि नेहरू यांच्या नावाचे रस्ते आहेत, आणि मैत्री उद्यानात सप्टेंबर १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेला आलेल्या नेत्यांनी लावलेली झाडे आता डेरेदार झाली आहेत. टिटोंची समाधी ‘फुलांच्या घरात’ आहे. ४ मे १९८० रोजी ते गेले आणि आठ घटकांचे प्रतिनिधी आळीपाळीने राष्ट्रप्रमुख होऊ लागले. कागदावर ही वाटणी न्याय्य होती. पण तक्रार घेऊन लोकांपुढे जाणारा विरोधी पक्ष, मोकळी निवडणूक आणि सर्व प्रजासत्ताकांत मते मागणारा नेता नसल्यामुळे प्रत्येक गाऱ्हाणे प्रजासत्ताकाच्या सरहद्दीपाशी साठत गेले. १९९० मध्ये निवडणुका आल्या तेव्हा त्या सहा ठिकाणी सहा वेगळ्या झाल्या. याउलट भोपाळात २०१६ मध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगरच्या जागेवर स्मार्ट सिटी उभारण्याचा बेत ठरला, तेव्हा झाडे वाचवण्यासाठी रहिवासी रस्त्यावर आले आणि प्रकल्प टी. टी. नगरकडे हलवला गेला. लहान गोष्टीत सरकारचा निर्णय बदलता येतो हा अनुभव लोकांना असला, तर मोठ्या गोष्टीसाठी बंदूक उचलावीशी वाटत नाही.

बेलग्रेडच्या उत्तरेला व्हॉयव्होडिना प्रांत आहे, आणि या साऱ्या प्रवासातला दिलासा तिथे मिळतो. सपाट, काळ्या मातीच्या या मुलखात सर्बियन, हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन, क्रोएशियन आणि रुथेनियन अशा सहा अधिकृत भाषा आहेत. गावाच्या पाटीवर नाव अनेकदा तीन-चार ओळींत लिहिलेले असते, आणि नोव्ही साद शहरात एका काउंटरवर एक भाषा ऐकू येते तर पुढच्यावर दुसरी. इथेही वितुष्ट आले, माणसे निघून गेली, पण पाट्या उतरवल्या गेल्या नाहीत.

प्रवासाचा शेवट मॅसिडोनियातल्या स्कोप्येमध्ये होतो. २६ जुलै १९६३ च्या पहाटे भूकंपाने हे शहर पाडले, हजारांहून अधिक माणसे मेली. जुन्या रेल्वे स्थानकाच्या भिंतीवरचे घड्याळ अजून पाच वाजून सतरा मिनिटांवर थांबलेले आहे. डिसेंबर १९८४ ची वायुगळतीची रात्र स्मरणात असलेल्या भोपाळच्या माणसाला या घड्याळाविषयी काही समजावून सांगावे लागत नाही. शरद ऋतूत वाड्यावाड्यांतून भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो. लांबट, लालभडक, गोडसर मिरच्या पत्र्यावर भाजून भांड्यात झाकून ठेवतात, म्हणजे साल सुटते. मग घरातल्या बायका गोल बसून एकेक मिरची हाताने सोलतात, बिया काढतात, वाटतात आणि मोठ्या कढईत तेलावर तासन्‌तास परततात. ढवळताना उलथन्याची खूण कढईच्या तळाशी राहू लागली की आय्वार नावाचा हा मिरच्यांचा ठेचा तयार झाला असे समजतात आणि बरण्या भरतात. शिवाजी नगरच्या अंगणांत एप्रिल-मे महिन्यांत कुरडया आणि सांडगे घालताना शेजारणी जशा हाताखाली येतात, तशाच इथेही येतात, आणि मॅसिडोनियन व अल्बेनियन दोघींच्या घरी आय्वार असतो. कलकत्त्याच्या मदर तेरेसा १९१० साली याच शहरात एका अल्बेनियन कुटुंबात जन्मल्या. २००१ मध्ये येथे अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात लढाई पेटली, पण त्याच ऑगस्टमध्ये ओह्रिद करार झाला आणि जिथे अल्बेनियन लोकसंख्या किमान २० टक्के होती तिथे त्यांच्या भाषेला अधिकृत स्थान मिळाले. देश फुटला नाही.

या सहा प्रजासत्ताकांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. भाषेवर आधारलेले घटक केल्यामुळे युगोस्लाव्हिया मोडला, हे म्हणणे खरे नाही. प्रत्येक घटकात उरलेल्या परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या माणसाला निर्भयपणे जगण्याची हमी देणारे कोणी राहिले नाही, म्हणून तो रक्तात मोडला. भारताने १९५६ साली राज्ये भाषेवर आखली त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०क हा अनुच्छेद घालून भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली, आणि ३५०ख नुसार त्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. मध्य प्रदेश शासनाच्या संस्कृती परिषदेत आज मराठी साहित्य अकादमी आहे, हे त्याच विचाराचे फळ. कामगिरी निर्दोष नाही. बेळगावच्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिथल्या मराठी माणसाचे दुःख खरे आहे. पण तो प्रश्न न्यायालयात आहे, रणांगणात नाही, आणि हा फरक सारायेवो पाहिलेल्या माणसाला फार मोठा वाटतो.

म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकाला एक विनंती करावीशी वाटते. भोपाळच्या मराठी कुटुंबाला जे मिळाले याचा त्याला आनंद वाटत असेल, आणि बेळगावात जे मिळत नाही याचा राग येत असेल, तर महाराष्ट्रात राहणाऱ्या कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती आणि सिंधी मुलांच्या शाळांकडेही त्याने त्याच नजरेने पाहावे. बालभारती आठ माध्यमांत पाठ्यपुस्तके काढते. ती पुस्तके वापरणाऱ्या शाळा चालू राहतील, त्यांतले शिक्षक नेमले जातील आणि त्या मुलांना शेजारच्या मराठी मुलांबरोबर खेळायला एकच मैदान मिळेल, एवढे पाहणे हे प्रत्येक मराठी नागरिकाचे काम आहे.